सगळ्या जणींचं एकच उत्तर

जानकी परब दूधवाल्याला 'दुधात पाणी किती' असं कधी विचारायची नाही. 'आज पाण्यात दूध किती घातलंस रे भैया?' असं विचारायची. भाजीवाल्याचा तराजू ती समोरून बघायची, बाजूने बघायची, मग पारडी बदलून परत तोलायला लावायची, आणि एवढं करून घरी आल्यावर भेंडी एकेक मोडून बघायची. नवे पैसे आले तेव्हा अख्खं घाटकोपर आठवडाभर गोंधळलं आणि मग सरावलं. जानकीचं म्हणणं मात्र वर्षभर एकच: रुपयाचे आणे मोडून पैसे केले, तर मधल्यामध्ये कोणीतरी काहीतरी खाल्लंच असणार. नवरा लवू चेंबूरला एका गोदामावर राखणीला होता. तो बिचारा हसायचा. "अगो, देवान हातार प्रसाद ठेवल्यान तरी तू आधी हुंगून बघशीत," म्हणायचा. यावर जानकी म्हणायची, "बघतलंयच. प्रसाद देव नाय ठेवणा, भटजी ठेवता."

आता तुम्ही म्हणाल, बाई कजाग होती. कजाग नव्हती हो. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि जानकीचं तोंड चांगलंच पोळलं होतं. लग्न होऊन मालवणकडून मुंबईला आली ती परळच्या एका गिरणीत लागली, सूत गुंडाळायच्या खात्यात. तिथे एकदा एक चष्मेवाले गृहस्थ आले. हातात गोल घड्याळ. सगळ्या बायकांना पेढा दिला आणि गोड आवाजात म्हणाले, काही नाही, तुमचं काम किती छान चालतं तेवढं बघायचंय. जानकी तेव्हा विशीतली, हात भराभर चालायचा. पाहुण्यासमोर तिने तो आणखी चालवला. गृहस्थांनी घड्याळ बघितलं, मान डोलावली, शाबासकी दिली. दिवाळीनंतर हुकूम आला. एक बाई एवढं काम उरकते, तर दोन कशाला? निम्म्या बायका घरी बसल्या आणि त्यांत जानकीही होती. आपल्याच हाताच्या चपळाईने आपला घास गेला, हे तिच्या मनात रुतलं ते रुतलंच. "शिंपी आधी माप घेता, मागसून कात्री काढता," हे तिचं वाक्य तेव्हापासूनचं.

पुढे बिऱ्हाड घाटकोपरच्या भटवाडीला हललं आणि जानकी आग्रा रोडवरच्या एका औषधांच्या कारखान्यात लागली. खोकल्याच्या गोळ्या, डोकेदुखीचं मलम, असला माल. पॅकिंग खात्यात तीसेक बायका, बहुतेक कोकणातल्या. बाटलीत कापूस घालायचा, बूच लावायचं, खळ लावून लेबल चिकटवायचं, खोक्यात भरायचं. या सगळ्यांवर वनमालाबाई मुकादमीण. म्हातारी भली होती, पण तिची नजर मंदावली होती आणि उलटं चिकटलेलं लेबलही तिला सुलटंच दिसायचं. त्यामुळे वनमालाबाई उंच स्टुलावर बसायच्या आणि खातं चालवायची जानकी. नव्या पोरीची बोटं खळीने सोलवटली की तिला खोबरेल लावायला सांगायची जानकी, पोटुशी बाईला खिडकीजवळची जागा मिळवून द्यायची जानकी, दोघी भांडल्या की दोघींनाही ऐकवायची तीसुद्धा जानकीच. संशय घेत घेत ती प्रत्येकीच्या घरातलं इतकं जाणून होती की कोणाला काय बोललं तर टोचतं आणि काय बोललं तर हलतं, हे तिला बरोबर ठाऊक असायचं.

वनमालाबाई होळीनंतर काम सोडणार असं ठरलं. त्यांची जागा जानकीला मिळणार असं सगळ्या धरून चालल्या होत्या. जानकी वरून म्हणायची, "माका कित्याक ती उस्तवार?" पण खरं सांगायचं तर तिला मुकादमीण व्हायचंच होतं. अगदी मनापासून व्हायचं होतं. अंगणात मोठमोठी लाकडी खोकी येऊन पडली होती आणि त्यांत बाटल्या भरायचं यंत्र आहे, अशी कुजबुज होती. यंत्र आलं की माणसं कमी होणार, आणि कोणाला ठेवायचं हे मुकादमिणीला विचारून ठरणार. आपलं नाव पुकारतात की नाही म्हणून गर्दीत कान टवकारून उभं राहायचं, ते एकदा झालं होतं. परत तिला ते नको होतं.

अशात चिटणीससाहेबांनी खात्यात येऊन सांगितलं की सगळ्या बायकांची बुद्धी मोजली जाणार आहे. हे मॅनेजर नवे होते, परदेशी पुस्तकं वाचून आलेले, आणि माणसाशी बोलताना त्याच्या कपाळाकडे बघायची त्यांना सवय होती. बुद्धी कशासाठी मोजायची ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं तर बायका तयारी करून येतील आणि खरी अक्कल कळणार नाही, असं त्यांचं मत. झालं. न सांगितलेल्या गोष्टीइतकं खत जानकीच्या संशयाला दुसरं कशाचं नव्हतं.

मोजायला आली एक बाई. मृणालिनी तिचं नाव, अंधेरीला राहायची, मानसशास्त्रात एम.ए. झालेली. इस्त्रीचं पातळ, हातात चामड्याची बॅग. वागायला मात्र साधी. बायका घाबरू नयेत म्हणून पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं आणि बॅगेतलं सामान मांडून दाखवलं. रंगीत लाकडी ठोकळे होते, त्यांची कागदावरच्यासारखी नक्षी जुळवायची. आकडे ऐकून उलटे म्हणायचे होते. 'शेजारच्या घरातून धूर येताना दिसला तर आधी काय कराल?' असले प्रश्न होते. आणि चित्रं होती, त्यांत काय राहिलंय ते ओळखायचं. एका चित्रात परदेशातली एक मडम होती. तिची एक भुवई काढायची राहिली होती. पण मागून कोणीतरी लगेच म्हणालं, "कपाळार कुकू नाय." सगळ्या हसल्या. मृणालिनीबाईही हसली आणि म्हणाली, "खरंच की. उत्तराच्या पुस्तकात हे नाही, पण तुमचं चूक कसं म्हणू? बरं, आणखी काय नाही ते बघा."

सगळ्यांत पुढे बसली होती सुलक्षणा. खात्यात सगळ्यांत लहान, कांजूरला विधवा आईबरोबर राहणारी, मराठी सातवी झालेली. ती बाईशी चुरूचुरू बोलत होती, ठोकळे उचलून देत होती. जानकीच्या डोळ्याला ती पोर आधीपासूनच खुपायची. शिकलेली पोर, साहेबांशी न अडखळता बोलते, म्हणजे साहेबांचा कान असणार. जानकीने मनातल्या मनात तिच्या नावावर कधीच फुली मारून ठेवली होती.

जानकी पुढे झाली. साहेबलोकांशी बोलताना ती मालवणी खुंटीला टांगून ठेवायची.

"बाई, बुद्धी मोजतात कशाने? तागडीने की पट्टीने?"

"त्यावरच तर भांडणं आहेत," मृणालिनीबाई म्हणाली. "काही विद्वान म्हणतात, बुद्धी म्हणजे एकच विहीर. तिला पाणी असलं की कुठलाही हंडा बुडवा, भरूनच येणार. जो हिशेबात हुशार तो बोलण्यात हुशार, नवं काम शिकण्यात हुशार, आणि माणसं चालवण्यातही तोच. दुसरे म्हणतात, नाही, विहिरी वेगवेगळ्या आहेत. शब्दांची वेगळी, आकड्यांची वेगळी, हाताच्या कामाची वेगळी. एक भरलेली म्हणून दुसरी भरलेली असेलच असं नाही."

"आणि माणसं सांभाळायची अक्कल? तिची विहीर कुठाय?"

"ती वेगळीच असते असं काहींनी म्हणून ठेवलंय. पण तिचं माप काही अजून कोणाला नीट जमलेलं नाही."

"साहेबांचं काय म्हणणं?"

"साहेबांचं म्हणणं, एकच विहीर."

"आणि तुमचं?"

"मी अजून शोधतेय," बाई म्हणाली. "एवढं मात्र कळतं, की नवीन काम कोण लवकर शिकेल ते यातून थोडंफार दिसतं."

शेवटचं वाक्य बोलली आणि बिचारीने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. नवीन काम? कुठलं नवीन काम? जानकीला अंगणातली खोकी दिसली, परळचं गोल घड्याळ दिसलं, पेढ्याची चवसुद्धा जिभेवर आली. बाई गोड बोलते, म्हणजे कात्री धारदार असणार.

संध्याकाळी भोंगा झाला आणि फाटकाबाहेरच्या नळावर जानकीने सगळ्यांना गोळा केलं.

"ऐका गो बायांनू. ह्यां काय बरां लक्षण नाय. जी शाणी ठरात, तिका दोघींचा काम देतले. जी येडी ठरात, तिका घरी पाठवतले. म्हणजे दोन्ही बाजून आपणच मरतलंव."

"मग करायचं काय, काकी?"

"कोणी शाणी होव नको, कोणी येडी होव नको. सगळ्यांनी एकच बोलायचां. तीस जणींका एकच माप लागला, तर कापतले कोणाक?"

हे मात्र सगळ्यांना पटलं. गावाकडची रीतच ती. गावकीत चार डोकी बसून काय ते ठरवतात आणि बाहेरच्याने विचारलं तर पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत तेच उत्तर येतं. तिथल्या तिथे ठरलं. ठोकळे तीन लावायचे आणि चौथा हातात धरून बसायचं. आकडे उलटे म्हणायला सांगितले तर म्हणायचं, उलटं बोलायची आमच्यात रीत नाही. धूर दिसला तर आधी मुकादमीणबाईंना विचारू. आणि मडमेच्या चित्रात कुंकू नाही, दुसरं काही नाही.

सुलक्षणा एवढंच म्हणाली, "काकी, आपण बाईंनाच सरळ विचारलं तर? ती वाईट नाही वाटत."

"तू इचार, आणि आमच्या गळ्यात धोंडो बांध," जानकी म्हणाली. "तुका काय, तू शिकलेली."

पोरीचं तोंड उतरलं. "सगळ्या म्हणतील तेच मीपण म्हणेन," ती म्हणाली. जानकीने मान हलवली, पण विश्वास काडीचा ठेवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून एकेकीला बोलावणं सुरू झालं. मृणालिनीबाईने काय काय ऐकलं असेल ते तिचं तिलाच माहीत. प्रत्येकीला मडमेचं कुंकूच दिसेना. प्रत्येकीच्या हातात चौथा ठोकळा. शेजारी आग लागो नाहीतर काही होवो, पॅकिंग खात्यातली एकही बाई मुकादमिणीला विचारल्याशिवाय जागची हलायला तयार नाही. जानकीची पाळी आली तेव्हा मात्र तिची फार पंचाईत झाली. नक्षी बघितल्याबरोबर तिला ती जुळली होती. चौथा ठोकळा कुठे बसायचा, कसा फिरवून बसायचा, सगळं समोर दिसत होतं. हात शिवशिवत होता. ठोकळा मुठीत घट्ट धरून ती भिंतीकडे बघत बसली. मृणालिनीबाईने विचारलं, "जमत नाही?" तर जानकी म्हणाली, "नाही हो. डोक्यात येतच नाही काही." स्वतःला येडी म्हणवून घ्यायला किती अक्कल लागते ते तिला त्या दिवशी कळलं.

सुलक्षणाने काय उत्तरं दिली याची चौकशी जानकीने जाता जाता मृणालिनीबाईकडेच केली, अगदी सहज केल्यासारखी. बाई वैतागून म्हणाली, "तीही तेच म्हणते. कुंकू." जानकीला जरा बरं वाटलं. आणि मग लगेच वाटलं, बाई खोटं सांगत नसेल कशावरून?

शनिवारी मृणालिनीबाईने जानकीला एकटीला आत बोलावलं. चिटणीससाहेब बाजूच्या खोलीत होते, त्यांचा आवाज दारातून येत होता. सगळ्या एकजात मंद आहेत, बाहेरून शिकलेली बाई आणा आणि विषय संपवा, असं ते कोणाला तरी फोनवर सांगत होते.

"जानकीबाई," मृणालिनी हळू आवाजात म्हणाली, "मंद माणसं वेगवेगळं चुकतात. तीस जणी अगदी एकसारख्या चुकतात, तेव्हा ते कोणीतरी बसवलेलं असतं. मला ती बाई हवी आहे. तिचं काही वाईट होणार नाही. याहून जास्त बोलायची मला परवानगी नाही, पण माझ्यावर विश्वास ठेवा."

विश्वास ठेवा. हा शब्द ऐकला की जानकी पदर सावरून दोन पावलं मागे सरायची. पिंजऱ्यात खोबरं लावताना उंदराला कोणी सांगतं का, की खोबऱ्यामागे दार आहे म्हणून? म्होरकीचं नाव हवंय, म्हणजे म्होरकीला आधी काढणार. परळलाही असंच झालं होतं. जी तक्रार करायला पुढे गेली ती सगळ्यांत आधी गेली.

"कोणी काही बसवलेलं नाही, बाई. जे दिसलं ते सांगितलं," जानकी म्हणाली आणि बाहेर आली. मृणालिनीने नंतर प्रत्येकीला विचारलं. प्रत्येकीने तेच सांगितलं. जानकीचं नाव एकीच्याही तोंडून गेलं नाही. आता याला एकी म्हणायची की आपल्याच हाताने आपल्या बाईच्या वाटेत काटे घालणं म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

शेवटी चिटणीससाहेब स्वतः खात्यात आले. आवाज चढलेला. "मला फसवलेलं चालत नाही. हे कोणी शिकवलं ते भोंगा व्हायच्या आत कळलं पाहिजे. नाहीतर सोमवारपासून सगळं खातं बाहेरच्या माणसांनी भरायला सुरुवात करतो."

वनमालाबाई स्टुलावरून उतरून उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या माना खाली, पण जानकीला कळत होतं की सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच आहे. उठावं असं तिला वाटलं. खरोखर वाटलं. पण घरी तीन पोरं होती, लवूचा पगार महिन्याच्या वीस तारखेलाच संपायचा, आणि परळचा तो दिवस पायांना दोरखंडासारखा बांधलेला होता. ती उठली नाही. घाबरली होती ती, दुसरं काही नाही.

"मी शिकवलं," सुलक्षणा म्हणाली.

हातातली बाटली खाली ठेवून ती उभी राहिली होती. साहेबांनी तिच्याकडे, म्हणजे तिच्या कपाळाकडे, बराच वेळ बघितलं आणि तिला आत बोलावलं. जानकीला पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटले, असं वाटलं. लाज मागाहून आली, आणि आली ती मग जाईना.

सोमवारी सुलक्षणा आली नाही, मंगळवारीही नाही. खात्यात कोणी जानकीशी धड बोलेना. पोर गेली असं सगळ्यांनी धरलं. लवूनेही रात्री विचारलं, "त्या चेडवाचा काय झाला गो?" आणि जानकी ताटावरून उठून गेली.

बुधवारी सकाळी चिटणीससाहेब, मृणालिनीबाई आणि सुलक्षणा तिघंही खात्यात आले. साहेब पडेल आवाजात म्हणाले की सुलक्षणाला दोन दिवस फोर्टातल्या मोठ्या ऑफिसात नेलं होतं, आणि वनमालाबाईंच्या जागी आजपासूनच पॅकिंगची मुकादमीण तीच. चाचणी त्याचसाठी होती. मृणालिनीबाईच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. ती म्हणाली, "माणसं एका विचाराने चालवायची अक्कल ठोकळ्यांत मोजता येत नव्हती. या मुलीने ती आपोआप दाखवली." बाईने माप बरोबर घेतलं होतं. फक्त ज्या अंगाचं घेतलं होतं, ते अंग त्या पोरीचं नव्हतं.

जानकीला आता उलगडलं. म्हणजे शनिवारी, त्या खोलीत, नुसतं 'मीच' म्हणायचं होतं. एवढ्या वर्षांची आस, आणि दारात आलेली वस्तू आपणच दाराला कडी घालून परत पाठवली. पण हे दुःख पुरतं पोटात उतरायच्या आत संशयाने डोकं वर काढलं. पोरीला हे आधीच ठाऊक असणार. बाईने तिला कानात सांगितलं असणार. म्हणून तर उभी राहिली. फुकटचं कोण कोणासाठी उभं राहतं?

जेवणाच्या सुट्टीत सुलक्षणा जवळ आली. "काकी, माझ्या मनात नव्हतं हो असं. मी सांगते त्यांना, की ते तुम्ही..."

"गप. आता जबाब फिरवलंस तर दोघी जातलंव," जानकी तुटकपणे म्हणाली. मग न राहवून तिने विचारलंच, "तुका म्हायती होता ना?"

"नाही हो, काकी."

"देवाची शपथ?"

सुलक्षणाने हातातला डबा बंद केला. डोळे भरून आले तिचे आणि ती निघून गेली. त्या दिवशी खात्यातल्या एकाही बाईने नव्या मुकादमिणीला काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. सगळ्या जानकीच्या तोंडाकडे बघत होत्या. स्टूल रिकामं होतं आणि पोर खोकी उचलत इकडून तिकडे फिरत होती.

संध्याकाळी जानकी घरी गेली नाही, कांजूरला गेली. भेंडी मोडून बघायचीच बाई ती. सुलक्षणाला ऑफिसात थांबवून घेतलं होतं हे बघूनच निघाली. घर शोधत गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, "कारखान्यातली आहे. इथून चालले होते, म्हटलं तुम्हाला भेटून जावं." सुलक्षणाची आई जात्यावर दळत होती. तिने उठून बसायला पाट दिला, चहा टाकला आणि विचारायच्या आधीच बोलायला लागली.

"बाई, शनिवारची रात्र आम्ही कशी काढली ते आमचं आम्हाला ठाऊक. रडत आली. आई, सोमवारपासून मला काम नाही, म्हणाली. मी म्हटलं, केलंस काय तू? तर म्हणे, काही केलं नाही, दुसरीने केलं होतं, मी माझ्या अंगावर घेतलं. मी दोन थोबाडीत दिल्या हो तिच्या. इतकी मोठी पोर, पण दिल्या. कोणासाठी घेतलंस म्हणून विचारलं, तर नाव सांगेना. नुसतं म्हणे, तिच्या घरी खाणारी तोंडं आहेत, आपण दोघीच आहोत. रविवारी चार घरी मी धुण्याभांड्यांचं विचारूनसुद्धा आले." तिने कप पुढे केला. "सोमवारी ती चामड्याच्या बॅगेची बाई तिला न्यायला दारात आली तेव्हा कुठे कळलं, देवाने चांगलं केलं म्हणून बरं. पण ती भवानी कोण ते मला अजून कळायचंय. पोरीला पुढे करून मजेत बसली. माणूस म्हणायचं का तिला?"

जानकीच्या हातात कप होता. चहा गरम होता, तरी ती फुंकर मारायची विसरली. आयुष्यभर तिने इतकी माणसं तपासली, इतकी खोटी पकडली. खरं माणूस समोर आलं तेव्हा ओळखायचं माप तिच्याकडे नव्हतंच. आता निघून गेली असती तर कोणालाच कळलं नसतं.

"ती भवानी मीच," जानकी म्हणाली.

सुलक्षणाची आई बघत राहिली. जानकी कप खाली ठेवायला वाकली, तेव्हा ती बाई म्हणाली, "चहा पिऊन जा. टाकू नका." आणि परत जात्यावर जाऊन बसली. दळता दळता तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. जानकीने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी खात्यात काम सुरू झालं. टेबल सोडून कोपऱ्यातल्या माठाकडे जायचं असेल तर मुकादमिणीला विचारून जायचं, अशी तिथली रीत होती. वनमालाबाईंना सगळ्या विचारायच्या. जानकी मात्र कधी विचारायची नाही, आणि वनमालाबाईही तिला कधी हटकायच्या नाहीत. काल तर कोणीच कोणाला विचारलं नव्हतं.

जानकी उठली. लेबलं चिकटवणारे सगळे हात थांबले. ती माठाकडे न जाता सरळ सुलक्षणापुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मुकादमीणबाई, पाण्याक जावन येव?"

सुलक्षणाने हातातलं खोकं खाली ठेवलं. जानकी वाट बघत उभी राहिली. परवानगी मिळाल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवूनच आली होती ती.

"जा," पोर कशीबशी म्हणाली. "लवकर या, काकी."

जानकी माठाकडे गेली. तहान लागलीच नव्हती. भिंतीकडे तोंड करून तिने डोळ्यांवर पाणी मारलं, पदराने तोंड पुसलं आणि परत वळली. तोवर खिडकीजवळची पोटुशी बाई उठून सुलक्षणापुढे उभी होती आणि विचारत होती, "बाई, मीपण जाऊ?"